अपंग, विकलांग की दिव्यांग: कुठे काय लिहावं?

संस्थेचा अहवाल, सोसायटीत उतार बांधून मिळावा म्हणून अर्ज, कार्यक्रमाची पत्रिका… यातलं काहीही लिहायला घेतलं की हात इथे अडतो. तिन्ही शब्द चालतात, पण सगळीकडे चालत नाहीत.

सरकारदरबारी जाणारा कागद असेल तर डोकं न खाजवता ‘दिव्यांग’ लिहा. २७ डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान मोदींनी ‘विकलांग’ऐवजी हा शब्द सुचवला. पुढच्याच वर्षी केंद्राच्या अपंगांसाठीच्या खात्याचं हिंदी नाव बदललं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, पुण्याचं अपंग कल्याण आयुक्तालयही आता ‘दिव्यांग’ झालंय. तिथे जुना शब्द लिहून अर्ज परत पाठवायला निमित्त कशाला द्या?

लेख किंवा बातमी लिहायची असेल तर मात्र मी हा शब्द टाळतो. चळवळीतल्या अनेकांचा त्याला पहिल्यापासून विरोध आहे; देवत्व नको, हक्क द्या, असं त्यांचं म्हणणं. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही भारताविषयीच्या निरीक्षणांत या शब्दावर बोट ठेवलं. शिवाय तो वाक्यात नीट बसत नाही. ‘अपघातात त्याला दिव्यांगत्व आलं’ हे मोठ्याने वाचून बघा, वरदान मिळाल्यासारखं वाटतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत दोन्ही डोळे गेले तर २ लाख आणि एक पाय निकामी झाला तर १ लाख मिळतात. ते कशाचे, हे सांगायला ‘अपंगत्व’च लागतं. (मराठीत ‘दिव्य’ म्हणजे अग्निपरीक्षासुद्धा. टक्केवारीच्या प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलात खेटे घातलेल्यांना हा अर्थ चटकन पटेल.)

‘अपंग’ सरळ आहे, सगळ्यांना कळतो. ‘अपंगांचे हक्क’ म्हटलं की मागणी ठणठणीत ऐकू येते. त्याची उणीव वेगळीच: तो ऐकला की डोळ्यापुढे हात-पायच येतात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार, पार्किन्सन, ॲसिडहल्ल्याच्या जखमाही येतात. गडचिरोलीतल्या सिकलसेल असलेल्या मुलीला नुसतं ‘अपंग’ म्हटलंत तर वाचणाऱ्याला काही बोध होणार नाही, आणि तिच्या घरचे दचकतील ते वेगळंच.

‘विकलांग’चा मराठीत आता ‘बहुविकलांग’सारख्या जोडशब्दापुरताच उपयोग उरलाय. सोडून द्या.

माझं मत विचाराल तर एका माणसाबद्दल लिहिताना या तिन्हींपैकी एकही नको. जे आहे ते नेमकं लिहा: अंध, कर्णबधिर, सेरेब्रल पाल्सी असलेला, व्हीलचेअर वापरणारी. ‘मूकबधिर’ शक्यतो नको, कारण ऐकू न येणारा माणूस मुका असतोच असं नाही. ‘व्हीलचेअरला खिळलेला’ तर मुळीच नको. खुर्चीमुळेच तो घराबाहेर पडतो. ‘मतिमंद’ अजून कित्येक शाळांच्या पाट्यांवर आहे. शाळेचं नाव आहे तसं छापा, मुलासाठी ‘बौद्धिक अक्षमता असलेला’ लिहा. लांबट आहे, मान्य.

आणि मथळ्यात ‘संपामुळे एसटी पांगळी’? ‘ठप्प’ लिहून भागतं की! जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतल्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल निकाल देताना हिणवणारे शब्द टाळायला सांगितलं. पण म्हणून ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ वहीतून खोडत बसायची गरज मला वाटत नाही. ती गाईबद्दल आहे.

राहिली पत्रिका. ‘दिव्यांग बांधवांसाठी विशेष सोय’ एवढं छापून येणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘मागच्या दाराला उतार आहे, व्हीलचेअर आत जाणारं स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे, सांकेतिक भाषेचा दुभाषी दोन्ही सत्रांना असेल’ असं लिहा, आणि खाली फोन नंबर.