‘अठरा पूर्ण नाहीत? टेन्शन नको’ म्हणणाऱ्या दादापासून सांभाळा

सोळा-सतरा वर्षांची मुलं हल्ली घरबसल्या व्हिडिओ एडिटिंग, थंबनेल, गेमच्या सर्व्हरची कामं करून डॉलर मिळवतात. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना हे सांगायला नको. या मुलांना काम पटकन मिळतं, घोडं अडतं ते पैसे घेताना. परदेशातून पैसे घ्यायच्या सेवांना खातेदार अठरा पूर्ण झालेला लागतो. ही अडचण हेरून टेलिग्रामवर काही ‘दादा’ लोकांनी दुकानं मांडली आहेत. आमच्या मुलाला अशाच एकाने गंडवलं. पैसे तर गेलेच, वर त्याचं बँकेतलं खातंही गोठलं, तेही भलत्याच राज्यातल्या पोलिसांच्या तक्रारीवरून. हा दुसरा भाग कसा घडला हे आमच्या ध्यानात यायला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही कळव्यात, खारेगावला राहतो. मी ठाण्यात एका पतसंस्थेत कामाला आहे, त्यामुळे केवायसीच्या फॉर्मांशी रोजचीच गाठ. मुलगा अकरावीला. अमेरिकेतल्या एका गेमिंग चॅनेलला छोटे व्हिडिओ कापून द्यायचा. काम खरं होतं, गिऱ्हाईकही खरं होतं. त्या माणसाबद्दल माझी आजही काही तक्रार नाही.

पहिले पैसे घ्यायला मुलाने एका परदेशी पेमेंट सेवेवर स्वतःचं खातं काढलं आणि जन्मसाल चार वर्षं मागे नेलं. खातं लगेच निघालं. या सेवांचं असंच असतं: आत शिरताना कोणी विचारत नाही, पैसे आले की कागद मागतात. भारतातल्या खात्याला पॅन जोडावा लागतो, पैसे कशाबद्दल आले त्याचा पर्पज कोड द्यावा लागतो, बँक खातंही त्याच नावाचं लागतं. मुलाचा पॅन आम्ही आधीच काढून ठेवला होता. अज्ञान, म्हणजे कायद्याने अठरा पूर्ण न झालेल्या, मुलाच्या पॅनवर फोटो नि सही नसते, पण जन्मतारीख असतेच, आणि ती खरी होती. दोन्ही तारखा जुळेनात, खात्यावर मर्यादा आली आणि पहिले साठ डॉलर आतच अडकले.

हे त्याने घरी सांगितलं नाही. एडिटर पोरांच्या एका टेलिग्राम ग्रुपवर विचारलं. तिथे सगळ्यांसमोर कोणी उत्तर दिलं नाही, पण थोड्याच वेळात खासगी निरोप आला. तो मी नंतर वाचला, जसाच्या तसा देते: ‘भावा अंडर एटीन आहेस ना? टेन्शन नको घेऊ. माझं अकाउंट फुल व्हेरिफाइड आहे. क्लायंटला माझा मेल दे. आठ टक्के माझे, बाकी अर्ध्या तासात तुझ्या खात्यात.’

हा दादा ऐरोलीचा होता म्हणे. ‘एकदा ये इकडे, वडापाव खाऊ’ वगैरे गप्पा. विश्वास बसावा म्हणून त्याने आधार कार्डाचा फोटो पाठवला, नंबराचे पहिले आठ आकडे झाकून. मुलाला ते फार जबाबदारीचं वाटलं. मला विचाराल तर, ज्याला कार्ड दाखवायची एवढी हौस असते त्याचं ते कार्ड नसतंच. आधीच्या कुणा फसलेल्याचं असतं.

सुरुवातीला पैसे आले. आठ टक्के कापून, पैशापर्यंत चोख, कधीकधी सांगितलेल्या वेळेच्या आधी. मुलाचं बँकेत दहा वर्षांवरील मुलांचं, स्वतः चालवायचं बचत खातं आहे. दादाला त्याने खाते क्रमांक आणि आयएफएससी दिला होता. फक्त एक गोष्ट विचित्र होती. पैसे दादाच्या नावाने कधीच येत नसत, दर वेळी निराळंच नाव. मुलाने विचारलं तर उत्तर आलं, ‘बिझनेस आहे रे, मुलं ठेवलीत पेमेंटला.’

मग गिऱ्हाइकाने अख्ख्या मालिकेचं काम दिलं आणि शेवटी 640 डॉलर एकदम पाठवले, अर्थात दादाच्या मेलवर. दादा म्हणाला, रक्कम मोठी असल्याने खात्याला लिमिट लागलंय, सोडवायला 4,500 रुपये भरावे लागतील. एवढे पैसे मुलाकडे नव्हते, तेव्हा तो माझ्याकडे आला आणि मला प्रकरण कळलं. मी त्याच्याच फोनवरून दादाला लिहिलं, ‘मी आई बोलतेय. पेमेंट सेवेचं लिमिट लागल्याचं पत्र पाठवा.’ वाचल्याच्या दोन खुणा आल्या आणि लगेच ब्लॉक.

इथवरची गोष्ट नवी नाही. पुढची ऐका.

काही दिवसांनी खारेगाव नाक्यावरच्या एटीएममध्ये मुलाचं कार्ड चालेना. शाखेत गेलो. बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. खात्यातून पैसे काढणं बंद. कारण म्हणून सायबर तक्रारीचा पोचक्रमांक आणि तेलंगणातल्या एका पोलीस ठाण्याचं नाव. मुलाने आयुष्यात तेलंगण पाहिलेलं नाही. मी पासबुक भरून घेतलं आणि तिथेच बाकावर बसून वाचलं. एका नोंदीत कुठल्याशा किराणा दुकानाचं नाव, एका नोंदीत कुणा बाईचं. ज्या 9,400 रुपयांवर तक्रार होती त्या नोंदीच्या शेवटी, पैसे पाठवणारा शेरा लिहितो त्या जागी, ‘टास्क 3 डिपॉझिट’ असं होतं.

हे वाचल्यावर सगळं उलगडलं. पतसंस्थेत आमच्याकडेही अशी माणसं रडत आलेली आहेत. हॉटेलांना रेटिंग द्या, पैसे कमवा, मग पुढच्या ‘टास्क’साठी आधी पैसे भरा, हा तो धंदा. तिथे फसणाऱ्याला पैसे भरायला खातं द्यावं लागतं. दादाने त्या माणसाला आमच्या मुलाचं खातं दिलं होतं. म्हणजे दादाने स्वतःच्या खिशातून एक रुपया कधी काढलाच नाही. अमेरिकेतून आलेले डॉलर त्याला मिळाले, आणि मुलाला त्याबदली जे रुपये मिळाले ते दुसऱ्या कुणाला लुबाडून परस्पर वळवलेले होते. चोरीचे पैसे धुऊन निघाले, नाव लागलं सोळा वर्षांच्या पोराचं. अशा खात्यांना पोलीस आणि बँकवाले म्यूल अकाउंट म्हणतात. हुशारी एवढी, की पहिले हप्ते मुलाला वेळच्या वेळी पोचले ते विश्वासासाठी नव्हतेच फक्त. तेच मुळात गुन्ह्याचे पैसे होते.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली, कळव्याच्या पोलीस ठाण्यात मुलाला घेऊन गेले आणि जन्मसाल खोटं टाकल्यासह सगळं सांगून टाकलं. ते लपवलं असतं तर पुढे चॅटमधून निघालंच असतं. हवालदार साहेब चांगले होते, मुलाशी नीट बोलले.

दाद मात्र कुठूनच मिळेना, आणि प्रत्येक ठिकाणी कारण तेच. पेमेंट सेवेला लिहिलं, तर उत्तर आलं की पैसे ज्या खात्यात गेले त्याचे तुम्ही खातेदार नाही, आम्ही खातेदाराशीच बोलतो. गिऱ्हाईक म्हणालं, तुम्ही दिलेल्या मेलवर मी पैसे भरले, ही पावती. बरोबरच आहे त्याचं. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक आहे, तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार पडत नाही, असं सगळे सांगतात. ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, म्हणजे त्रयस्थाने खात्याला परस्पर हात घातला तर. इथे आमच्या खात्यातून कोणी काही काढलंच नव्हतं. डॉलर मुलाच्या नावावर एक क्षणही नव्हते, मग ते चोरीला गेले असं म्हणायचं कोणत्या तोंडाने?

मुलगा चिडून म्हणाला, ‘आई, हा अठराचा नियमच मूर्खपणाचा आहे. काम करायला चालतं, पैसे घ्यायला चालत नाही.’ राग समजण्यासारखा आहे, पण नियम हवेतून आलेला नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 11 प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, आणि 1903 मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरवला. कायद्याने हे मुलांच्या भल्यासाठी केलं. पण पेमेंट सेवेच्या बाजूने बघा: ज्याच्याशी केलेला करार टिकतच नाही, त्याला खातं देऊन उद्या तक्रार कुणावर लावायची? म्हणून पेपालसारख्या सेवा अटींतच 18 लिहून मोकळ्या होतात.

बँकेचं गणित वेगळं आहे आणि इथे बऱ्याच पालकांचा घोळ होतो. रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2025 ला नव्याने सांगितलं की दहा वर्षांवरची मुलं बचत खातं स्वतः उघडू आणि चालवू शकतात. मर्यादा किती ते बँकेने ठरवायचं, आणि खातं कधी उणे जाता कामा नये. म्हणून बँकेत खातं आहे म्हणजे मुलगा सगळीकडे पात्र झाला असं मुलं धरून चालतात. तसं नाही. यूपीआय सर्कलचंही तेच. 2024 मध्ये आलेल्या या सोयीत मोठं माणूस आपल्या खात्यातून पाच जणांना खर्चाची परवानगी देऊ शकतं, पूर्ण परवानगी दिली तर एका वेळी 5,000 आणि महिन्याला 15,000 पर्यंत. कॉलेजच्या कँटीनला उत्तम. बाहेरून पैसे घ्यायला तिचा काही उपयोग नाही.

सरळ रस्ता होता, आणि तो आता आम्ही धरलाय. पेमेंट सेवेवर खातं माझं, माझ्या पॅनवर, माझ्या खऱ्या जन्मतारखेने. गिऱ्हाइकाला लिहून कळवलं की मुलगा अज्ञान आहे, कामाची बोलणी आणि बिल माझ्या नावाने होईल. त्याने दुसऱ्या दिवशी ‘ओके’ लिहिलं. एवढंच. कर-सल्लागाराला विचारून नोंदी मात्र ठेवा, कारण मुलाने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेल्या पैशाचा कराचा हिशोब वेगळा असतो. मुलाला हा प्रकार कमीपणाचा वाटतो. वाटू दे, दीड वर्षाचा प्रश्न आहे.

गोठलेल्या खात्याबद्दल, कारण हे विचारणारे बरेच भेटले. बँकेशी भांडून खातं सुटत नाही, तिच्या हातात तेवढं नसतं. पोचक्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागून घ्या. मग तपास अधिकाऱ्याला ईमेलने सगळा पुरावा पाठवा: गिऱ्हाइकाचं काम, त्याची पावती, दादाचं पूर्ण चॅट, तुमच्या स्वतःच्या तक्रारीचा क्रमांक. चॅट पुसलेलं असेल तर हातात काही राहत नाही; ब्लॉक झाल्यावर मुलं रागाने आधी तेच पुसतात. अख्खं खातं बंद असेल तर फक्त वादातली रक्कम अडवा असा अर्ज करा. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये तसंच म्हटलेलं आहे, आमच्या अर्जात मी ते घातलं. आमचं बाकीचं खातं आता सुरू झालंय, 9,400 अजून अडकलेले आहेत. ते ज्याचे आहेत त्या तेलंगणातल्या माणसाला परत मिळाले तर माझी हरकत नाही, तसं मी अधिकाऱ्याला लिहूनही दिलंय. 640 डॉलरची आशा मी सोडली.

ज्यांची मुलं अशी कामं करतात त्यांनी आज पासबुक भरून आणावं. पैसे दर वेळी नव्या माणसाच्या नावाने येत असतील, किंवा शेऱ्यात टास्क, डिपॉझिट, इन्व्हेस्टमेंट असलं काही दिसलं, तर ते पैसे खर्च करू नका, परतही पाठवू नका. आधी 1930.

दादा त्याच ग्रुपवर आहे. नाव बदललंय, ऐरोलीचा डोंबिवलीचा झालाय, आठाचे सहा टक्के केलेत. आधारचा फोटो तोच. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मी दोन्ही चॅटचे स्क्रीनशॉट पाठवले, तर त्याने मलाच बाहेर काढलं.