गॅमा स्टराईल ट्यूब्स : आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, क्लोनिंग, मिनीप्रेप असलं डीएनएचं रोजचं काम असेल तर गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या या दीड एमएलच्या पॉलिप्रोपिलीनच्या (एक प्रकारचं प्लॅस्टिक) ट्यूब्स बिनधास्त घ्या. पाकीट फोडायचं की थेट वापरायच्या, ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायची कटकट नाही, सेंट्रिफ्यूजमधे गळत नाहीत. माझं काम मात्र ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं, म्हणजे पेशीत फ्री रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी रिअ‍ॅक्शन करणारे रेणू, किती तयार होतात ते मोजायचं, आणि तिथे यांनी मला तीन महिने अक्षरशः रडवलं.

झालं असं की ब्लँक चढायला लागला. ब्लँक म्हणजे नुसता बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि डीसीएफचा डाय, जो ऑक्सिडाईज झाला की चमकतो आणि ती चमक आम्ही मोजतो, पेशी नाहीत, काही नाही, त्याने गप पडून राहायला हवं, तर तासाभरात रीडिंग वर, आणि तेही कधी कधीच. आधी डायवर संशय घेतला कारण तो उजेडातसुद्धा आपोआप ऑक्सिडाईज होतो, मग फॉइल गुंडाळलं, नवीन स्टॉक केला, पाणी बदललं, लोह धरून ठेवायला केलेटर घातला, त्याने जरा उतरला पण गेला नाही. एकदा काचेच्या वायल्स (छोट्या बाटल्या) धुवून पडल्या होत्या म्हणून तोच बफर थोडा त्यात आणि थोडा ट्यूबमधे रात्रभर ठेवला, सकाळी एकाच प्लेटमधे शेजारी शेजारी वाचला. काचेतला सपाट, ट्यूबमधला चढता. तीनदा रिपीट केलं, तीनदा तेच. एवढे दिवस मी पेशींचं म्हणून जे मोजत होते त्यात ट्यूबचा वाटा होता, हे पचायला मला दोन दिवस लागले.

मग वाचत बसले. गॅमा किरणांचा डोस साधारण 25 किलोग्रे असतो, त्याने जंतू मरतात तसे प्लॅस्टिकच्या साखळ्यांचे बंधही तुटतात आणि रॅडिकल तयार होतात. पॉलिप्रोपिलीनच्या स्फटिकी भागात ते अडकून महिनोन्महिने टिकतात, हळूहळू ऑक्सिजन येऊन भिडतो, त्यातून पेरॉक्साईड बनतात, आणि त्यांना लोहाचा कण जरी मिळाला तरी पुन्हा नवे रॅडिकल. केलेटरने थोडा फरक का पडायचा ते तेव्हा कळलं. जुन्या लॉटच्या ट्यूबचं झाकण अंगठ्याने उघडताना बिजागरीतून कट्कन तुटायचं, मी म्हणायचे माल हलका आलाय, पण प्लॅस्टिक ठिसूळ होणं हे त्याच ऑक्सिडेशनचं लक्षण. पाकीट फोडल्यावर येणारा तो किंचित आंबूस वासही त्यातलाच.

हे होऊ नये म्हणून प्लॅस्टिकमधे अँटिऑक्सिडंट घालतात, पण ते किंवा त्यांचे तुकडेही झिरपतातच, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. गॅमा न केलेल्या ट्यूबही धुतल्या तांदळासारख्या नसतात. 2008 साली सायन्समधे आलं होतं की पॉलिप्रोपिलीनच्या साध्या लॅबवेअरमधून झिरपणारी रसायनं मोनोअमाईन ऑक्सिडेज बी हे एन्झाईम अडवतात. त्याआधी 1991 मधे पॉलिस्टायरीन या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या ट्यूबमधून नॉनिलफिनॉल हे इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन सुटून स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी इस्ट्रोजेन न घालताच वाढल्याचं सापडलं होतं. इतकं जुनं प्रकरण, आणि आम्हाला प्रॅक्टिकलमधे कोणी एका शब्दाने सांगितलं नाही याचा मला खरंच राग येतो.

कंपनीचं सर्टिफिकेट काढून पाहिलं तर डीएनएज नाही, आरएनएज नाही (डीएनए, आरएनए तोडणारी एन्झाईम), पायरोजेन (ताप आणणारे जंतूंचे अंश) नाही. पेरॉक्साईडबद्दल एक ओळ नाही. मेल केला तर उत्तर आलं की ट्यूब स्टराईल आहेत, जे मी विचारलंच नव्हतं.

आता बफर आणि डायचा स्टॉक काचेत. डीएमएसओ किंवा इथेनॉल अशा सॉल्व्हंटमधलं काहीही प्लॅस्टिकमधे रात्रभर ठेवत नाही, कारण पाण्यापेक्षा त्यात जास्त झिरपतं. प्लॅस्टिक लागलंच तर गॅमा न केलेल्या ट्यूब स्वतः ऑटोक्लेव्ह करते. आणि ब्लँक त्याच लॉटच्या ट्यूबमधे, सँपलइतकाच वेळ, त्याच तापमानाला ठेवते, प्लेटमधे ऐनवेळी ओतलेला ब्लँक या कामाचा नाही. नवीन पाकीट आलं की आधी काचेशी तुलना, मगच सँपल.

जुन्या रीडिंगचं मात्र काही करता आलं नाही. वहीत तारीख आहे, पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या तो) आहे, डायचा लॉट आहे, कुठल्या पाकिटातली ट्यूब ते कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे त्या तीन महिन्यांतलं कुठलं रीडिंग पेशींचं आणि कुठलं ट्यूबचं हे वेगळं काढता येत नाही आणि ते सगळे प्रयोग मी पहिल्यापासून परत करतेय.