१८४९ डॉलर आणि चिमूटभर कॉर्नफ्लोअर

आधीच सांगते, अळंबीचे हे बीजाणू मी खाण्यासाठी घेतले नव्हते. गेले चार महिने प्रत्येक काउंटरवर, प्रत्येक फोनवर मला हेच आधी विचारलं गेलंय, म्हणून इथेही तिथूनच सुरुवात. बावीस वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. मुलाकडे अमेरिकेत आल्यावर मायक्रोस्कोप घेतला आणि अळंब्यांचे बीजाणू बघायला लागले. ज्या बाईने शेकडो मुलांना स्लाइड करायला शिकवली तिलाच स्लाइडवर फसवलं गेलं, याची लाज इतकी वाटते की माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी पूर्ण रक्कम सांगितलेली नाही. इथे सांगते.

सायलोसायबी क्युबेन्सिस ही नशा आणणारी अळंबी बहुतेकांना ऐकून माहीत असते. फ्रँकलिन अर्लने १९०६ मध्ये क्युबातल्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं, तेव्हा तिचं नाव स्ट्रोफारिया होतं. छत्री तपकिरी-सोनेरी, बोट लावलं की निळी पडते, बीजाणू गडद जांभळे. तिचाच एक पांढराफटक प्रकार आहे, अल्बिनो पीनिस एन्व्ही. नाव असभ्य आहे, मीही तोंडाने उच्चारत नाही, सगळे एपीईच म्हणतात. आखूड, जाड, मेणबत्तीसारखी पांढरी. छत्री पुष्कळदा नीट उघडतच नाही, त्यामुळे बीजाणू फार थोडे पडतात. आणि मला जिच्यासाठी वेड लागलं ती गोष्ट म्हणजे तिचे बीजाणू जांभळे नसतात, ते रंगहीन, पारदर्शक असतात.

इथे एक फरक समजून घ्या, कारण माझा सगळा घात या फरकावर झाला. नुसती छत्री पांढरी असली म्हणजे अळंबी अल्बिनो ठरत नाही. 'अल्बिनो ए प्लस' म्हणून जी विकतात तिची छत्री फिकट असते, पण बीजाणू गडदच पडतात. तिला ल्युसिस्टिक म्हणायचं. खऱ्या अल्बिनोचे बीजाणूही रंगहीन. म्हणजे खऱ्या अल्बिनोचा स्पोअर प्रिंट, छत्री टेकवून उमटवलेला बीजाणूंचा ठसा, पांढऱ्या कागदावर जवळजवळ दिसतच नाही. न दिसणारी वस्तू विकणाऱ्याला याहून सोयीचा माल कुठला मिळणार?

मला ज्याने फसवलं त्या इंटरनेटवरच्या विक्रेत्याकडून मी पहिल्यांदा ए प्लसचा प्रिंट घेतला. ४५ डॉलर आणि टपाल ८.५० डॉलर. तो खरा होता, अगदी अस्सल. फॉइल उघडली तर मधोमध जांभळट-काळं वर्तुळ, आणि त्यात सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेषा. छत्रीखालचे कल्ले फॉइलवर टेकतात, त्यांच्या त्या रेषा. स्लाइडवर लंबगोल, जाड भिंतीचे, एका मापाचे बीजाणू, साधारण बारा-पंधरा मायक्रॉनचे. मी खूश झाले. पहिला माल खरा द्यायचा आणि माणूस बांधून घ्यायचा, ही पद्धत तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होती.

मग त्याने हळूहळू एपीईचा विषय काढला. विकायला बसल्यासारखं बोलायचा नाही, अभ्यास असल्यासारखं बोलायचा. अशा अळंब्यांवर लिहिणारे अमेरिकेतले मॅकेना बंधू १९७१ मध्ये कोलंबियात ला चोरेराला गेले, तिथून आणलेल्या अळंबीची ही वंशवेल. मग सॅन अँटोनियोचे अळंबी-संशोधक डॉ. स्टीव्हन पोलॉक, मग पुढचे जोपासणारे, आणि अखेर सिअ‍ॅटलच्या 'सायलोसायबी फॅनॅटिकस' या बीजाणू विक्रेत्याच्या पांढऱ्या वाणाशी संकर. यातलं बरंचसं या छंदातले लोक एकमेकांना सांगतच असतात. ला चोरेराची सफर खरी आहे. पण पीनिस एन्व्ही तिथूनच आली ही दंतकथा आहे, आणि वाणाचं श्रेय पोलॉकना देणारे ती मानत नाहीत. संकराची गोष्टही ऐकीवच. पण ऐकीव गोष्ट तपशिलात सांगितली की खरी वाटते. मी तीन प्रिंट मागवले, प्रत्येकी १२० डॉलर, म्हणजे ३६०. वर 'वंशावळीचं प्रमाणपत्र' ७५ आणि विमा उतरवलेलं टपाल ३८. एकूण ४७३. पैसे घरच्यांना आणि मित्रांना पाठवतात त्या प्रकारात पाठवायचे, शेऱ्यात 'वाढदिवस' लिहायचं. 'मशरूम शब्द दिसला की अ‍ॅप खातं गोठवतं,' म्हणाला. ते खरंही आहे, म्हणून मी लिहिलं. कोणी शेऱ्यात खोटं लिहायला सांगितलं तर तिथेच थांबा. पुढे तोच शेरा तुमच्या विरोधात वापरतात.

पाकीट आलं तो शनिवार होता. पहिली फॉइल उलगडली. काही नाही. हे अपेक्षितच होतं. खिडकीशी जाऊन तिरक्या उजेडात धरली, तेव्हा पुसट, धुरकट वर्तुळ दिसलं, पेल्यावर वाफ धरते तसं. कड अगदी रेखीव. आणि आत आरे नव्हते.

आरे नव्हते! बीजाणू रंगहीन असले म्हणून कल्ले नाहीसे होतात का? कल्ले तेच, त्यांच्यामधल्या फटी त्याच, बीजाणू पडणार ते त्याच रेषांमध्ये. रंग नसेल तर रेषा पुसट दिसतील, पण असतील. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, हे मी फळ्यावर काढून दाखवत आले. मी ती फॉइल अर्धा मिनिट तरी तशीच धरून उभी होते, आणि माझ्या मनात हा विचार आला होता. 'रेषा का नाहीत?' हे शब्द मनात आले होते. आणि मीच त्यांना उत्तर दिलं की छत्री पूर्ण उघडत नाही ना, म्हणून नीट टेकली नसेल. नीट टेकली नसेल तर वर्तुळ इतकं रेखीव कसं? हा दुसरा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. झाकणाने दाबून काढलेलं वर्तुळ होतं ते. त्या अर्ध्या मिनिटात मी थांबले असते तर ४७३ वर निभावलं असतं.

स्लाइड केली. मायक्रोस्कोपमध्ये खालून येणारा उजेड आवळणारा कंडेन्सरचा डायफ्रॅम बारीक केला की पारदर्शक गोष्टींच्या कडा दिसतात, दिसल्या. दाणे होते, पण काही लहान, काही मोठे, काही कोनेदार. फोटो काढून त्याला पाठवला. 'वा, मॅडम, इतका स्वच्छ फोटो आजवर कोणी पाठवला नव्हता,' असं उत्तर आलं. आकार वेडेवाकडे का, तर म्हणे साध्या उजेडात रंगहीन बीजाणू विकृत दिसतात, पारदर्शक गोष्टी ठळक दाखवणारं फेज कॉन्ट्रास्ट लागतं. मी ४१२ डॉलरचं फेज कॉन्ट्रास्टचं साहित्य घेतलं. त्यातूनही दाणे कोनेदारच दिसले. मग 'हा गठ्ठा प्रवासात खराब झाला असेल, तपासून सीलबंद दुसरा पाठवतो' म्हणून ६४ डॉलर. मालात खोट निघाल्यावर विकणारा तुमच्याकडूनच आणखी पैसे मागत असेल तर उत्तर देऊ नका.

दुसऱ्या पाकिटातली स्लाइड लावलेली असताना मुलगा मागे येऊन उभा राहिला. तो संगणकातला माणूस. ए प्लसची जुनी स्लाइड शेजारीच होती, दोन्ही बघितल्या आणि म्हणाला, "आई, हे सगळे एका मापाचे आहेत. मग हे लहानमोठे का?"

मी म्हणाले, "तुला यातलं काय कळतं?"

हे वाक्य मला रात्री अजून ऐकू येतं. त्याच आठवड्यात मी ९०० डॉलर पाठवले. 'वाणसंग्रहालया'ची वर्षाची वर्गणी, दर महिन्याला एक दुर्मीळ प्रिंट. का पाठवले? कारण तोवर मला तो माणूस खोटा आहे हे मानायचंच नव्हतं. खोटा मानला असता तर मी मूर्ख ठरले असते, आणि मुलाचं खरं ठरलं असतं. हे मी स्वतःला सोडवण्यासाठी सांगत नाही. माणूस असा विचार करतो, आणि फसवणाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं. ९०० पोचले आणि त्याचं खातं नाहीसं झालं.

मग मी प्रथमोपचाराच्या डब्यातलं टिंक्चर आयोडिन काढलं. एक थेंब पातळ करून स्लाइडच्या कडेला सोडला. बटाट्याच्या कापांवर हा प्रयोग मी दरवर्षी आठवीच्या मुलांना दाखवत असे. दाणे एकेक करत निळे-काळे झाले. स्टार्च. स्वयंपाकघरातल्या डब्यातलं कॉर्नफ्लोअर चिमूटभर घेऊन दुसरी स्लाइड केली; तेच कोनेदार दाणे, मधोमध तोच ठिपका. फेज कॉन्ट्रास्ट काय करायचंय, घरातलं आयोडिन पुरलं असतं. पहिल्याच दिवशी. पारदर्शक बीजाणू म्हणून कोणी काही विकलं तर आधी आयोडिनचा थेंब टाका, मग कौतुक करा.

त्या रात्री ७५ डॉलरचं प्रमाणपत्र पहिल्यांदा लक्ष देऊन वाचलं. त्यात लिहिलं होतं की डॉ. पोलॉक यांनी हा वाण १९८३ मध्ये पुढे सोपवला. पोलॉक यांचा जानेवारी १९८१ मध्ये सॅन अँटोनियोत खून झाला. फ्लोरिडात टॅम्पाजवळ त्यांना सापडलेली आणि १९७८ मध्ये नवीन जाती म्हणून नोंदली गेलेली सायलोसायबी टॅम्पनेन्सिस मला चांगली माहीत होती, त्यांच्या मृत्यूचं वर्षही माहीत होतं. कागद आला तेव्हा मी त्यावरचा सोनेरी शिक्का बघितला आणि फाइलला लावला. सनावळ्या वाचा. शिक्के बघू नका.

आता तक्रारींचं सांगते. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, म्हणजे व्यवहाराला तुमची संमती आहे. पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपने 'वाढदिवस' हा शेरा मलाच वाचून दाखवला, आणि खरी खरेदी कशाची होती हे मी प्रामाणिकपणे सांगितल्यावर 'निषिद्ध वस्तू' म्हणून माझंच खातं तीस दिवस बंद केलं. चोराचं खातं बंद केलं का? 'ती माहिती आम्ही देऊ शकत नाही.'

पोलिसांकडे गेले. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने मशरूमचं नाव मला तीनदा विचारलं, दोनदा अक्षर अक्षर सांगायला लावलं. नाव काय आहे ते तुम्हाला वर सांगितलंच आहे. माझ्या वयाची बाई, मागे रांगेत माणसं. मग त्याने विचारलं, हे तुम्ही खाणार होता का? मी सांगितलं की बीजाणूंमध्ये सायलोसायबिन हे नशेचं द्रव्य नसतं, म्हणून संघीय कायद्यात ते बंदी असलेले पदार्थ नाहीत, आणि अमली पदार्थांच्या केंद्रीय खात्यानेच जानेवारी २०२४ मध्ये तसं लेखी दिलेलं आहे. कॅलिफोर्निया, जॉर्जिया, आयडाहो यांसारख्या राज्यांचे स्वतःचे वेगळे कायदे आहेत, पण आमचं राज्य त्यांत नाही. (तुम्ही जिथे राहता तिथला आजचा कायदा स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या तोंडचा ऐकू नका. आणि बीजाणू रुजवले की तो सगळीकडे वेगळाच प्रश्न होतो.) त्याने यातलं काही लिहिलं नाही. म्हणाला, हा दिवाणी वाद आहे. मी म्हटलं, अहो, तो माणूसच नाहीसा झालाय, दिवाणी दावा कोणावर लावू? खांदे उडवले. तक्रारीचा क्रमांक मागितला तर म्हणाला, गुन्हाच नाही तर क्रमांक कसला?

ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या राज्याच्या कार्यालयाने सहा आठवड्यांनी पत्र पाठवलं की या स्वरूपाच्या मालाबाबत ते मध्यस्थी करत नाहीत. म्हणजे कॉर्नफ्लोअरबाबत? मी फोन केला, एक तास दहा मिनिटं थांबले, आणि मला सांगितलं की टपालातून फसवणूक झाली असेल तर टपालाच्या तपास विभागाकडे जा. तिथे विचारलं, पाकिटात धोकादायक काही होतं का? नव्हतं. मग पाकीट पोचलं का? पोचलं. 'मग टपालाने काम चोख केलंय, मॅम.' इंटरनेटवरच्या फसवणुकीसाठी जो केंद्रीय फॉर्म आहे तो मी दोन संध्याकाळी बसून भरला, स्लाइडचे अकरा फोटो, सगळ्या व्यवहारांचे क्रमांक जोडले. पोच म्हणून एक लांबलचक आकडा आला. त्याला आता तीन महिने होतील. एकाही माणसाने मला एकही प्रश्न विचारलेला नाही. खाल्ल्याचा संशय घ्यायला सगळ्यांना वेळ होता, फोटो बघायला एकालाही नाही. मला पैशांपेक्षा याचा राग जास्त आहे, आणि तो कमी होत नाही.

हिशोब पूर्ण सांगते: ४७३, ६४ आणि ९०० मिळून त्या माणसाला १४३७. त्याच्या सांगण्यावरून घेतलेलं साहित्य ४१२. एकूण १८४९ डॉलर. शाळेच्या प्रयोगशाळेत अर्धवेळ काम करून साठवलेले. 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी २९० भरा' असे दोन निरोपही आले. तीच टोळी असते, नाहीतर त्यांनी तुमचं नाव पुढे विकलेलं असतं. दोन्ही ब्लॉक केले.

आणि हे मुख्य, ज्यासाठी मी आज लिहायला बसले. परवा मुलाने मला एक नवी जाहिरात दाखवली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, माल तोच: अस्सल अल्बिनो, पारदर्शक बीजाणू, प्रिंट आता १४० डॉलर, 'फक्त ६ शिल्लक'. खाली पुरावा म्हणून मायक्रोस्कोपचा फोटो आहे. तो माझा फोटो आहे, पहिल्या शनिवारी काढलेला. करड्या पार्श्वभूमीवर लहानमोठे कोनेदार दाणे, खाली डावीकडे दहा मायक्रॉनची मोजपट्टी, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात काचेवरचा एक तिरपा ओरखडा. ती स्लाइड अजून माझ्या पेटीत आहे, ओरखड्यासकट. तो फोटो दिसला तर घेऊ नका.