घोड्याच्या पायाची जखम: पांढरं सिल्व्हर मलम, गामजी रोल आणि चिकटणारी पट्टी, वापरून झाल्यावरचं मत

निपाणी-चिकोडीकडचे बरेच जण विचारालेत की घोडीच्या पायाला काय लावलात, वण एवढा बारीक कसा राहिला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. लावलं ते 1 टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे माणसाला भाजल्यावर लावतात तेच पांढरं मलम, मेडिकलात मिळतं. पण खरं सांगू का, वण कमी राहिला तो मलमापेक्षा पट्टीमुळं, आणि जखमेवर मारायच्या जांभळ्या-निळ्या स्प्रेवर पैसे घालणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगायचंय.

मागच्या पायाला नळीवर, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडावर, पत्रा लागून कातडं सोललेलं. घोड्याला गुडघ्याखाली मांस असं नसतंच, हाड, शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, टेंडन) आणि वर ताणून बसवलेलं कातडं, त्यात रक्त कमी पोचतं आणि पाय तर सारखा हलणार. कडेनं नवीन कातडं आत सरकतं ते दिवसाला साधारण 0.1 मिलिमीटर, अंगावरच्या जखमेत त्याच्या दुप्पट तरी सरकतं. तोपर्यंत मधलं लाल दाणेदार मांस फुगून कातड्याच्या वर येतं आणि एकदा ते वर आलं की कडेचं कातडं त्यावर चढतच नाही, मग जी गाठ राहते ती कायमची. म्हणजे सगळा खेळ ते मांस कातड्याच्या पातळीत ठेवण्याचा आहे. लहान चणीच्या तट्टांना हा त्रास कमी होतो, मोठ्या घोड्यांना जास्त.

डॉक्टर त्याच दिवशी आले हे बरं झालं, कारण टाके घालण्यासारखी जागा असेल तर पहिल्या सहा-आठ तासांतच त्याचा खरा उपयोग. थोडे टाके बसले, बाकीचं उघडंच ठेवायला लागलं. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी, ते विसरू नका ओ, घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

धुवायला मिठाचं पाणी, 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ. पोव्हिडोन आयोडीन घालायचं असलं तर फिक्या चहाच्या रंगाएवढंच, बाटलीतलं तसंच ओतायचं नाही. फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतणारे आहेत आपल्याकडं, त्यानं घाण निघते पण आलेलं कोवळं कातडंही मरतं. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचा निळा खडा, तर अजिबातच नको, फुगलेलं मांस जळतं हे खरं पण कडेचं नवीन कातडंही त्यातच जळतं आणि वण अजून रुंद होतो.

आता पट्टी. जखमेवर मलमाचा पातळ थर, त्यावर व्हॅसलीनवाली जाळीची पट्टी म्हणजे पॅराफिन गॉज, त्यामुळं बदलताना जखम उचकटत नाही. मग गामजी रोल, म्हणजे जाळीच्या कापडात गुंडाळलेला कापूस, त्याचा जाड थर, सुरकुती न पडता, जखमेच्या वर आणि खाली बराच पुढंपर्यंत. त्यावर साधा बँडेज आणि शेवटी स्वतःलाच चिकटणारी चार इंची पट्टी, सगळीकडं ताण सारखा. गामजी कमी घालून वरची पट्टी आवळली तर पायामागच्या शिरेला (टेंडनला) इजा होते, हे डॉक्टरांनी हात धरून दाखवलं. दोन-तीन दिवसांनी बदलायची, पट्टी ओली झाली किंवा खाली सरकली तर लगेच. पावसाळ्यात माश्यांपासून बचाव होतो तो याचा वेगळाच फायदा, अळ्या पडायचा विषयच नाही.

मलमाबद्दल तक्रारही आहे. कपड्याला-हाताला लागतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेवर पिवळट पांढरा थर बसतो तो पू वाटून माणूस घाबरतो. वास नसेल आणि मिठाच्या पाण्यानं निघून आला तर तो मलमाचाच थर. त्यानं जंतू आटोक्यात राहतात, पण जखम लवकर भरून येते म्हणून कोण विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

मधे एकदा मांस थोडं वर आलंच. डॉक्टरांनी ब्लेडनं कातड्याच्या पातळीला घासून काढलं, त्या मांसात नसा नसतात म्हणून घोडी हललीसुद्धा नाही, रक्त मात्र भरपूर आलं, ते बघायची तयारी ठेवा. नंतर स्टेरॉइडचं मलम थोडं लावलं, ते त्यांच्या सांगण्यानंच, पू असताना लावलं तर उलट होतं.

आता तिथं एक बारीक रेघ आहे आणि केस पांढरे आलेत, रंगाच्या पेशी गेल्या की तसंच व्हायचं, त्याला कुठलंही मलम काही करत नाही. जवळच्या अंकलीतून शितोळे सरकारांचे अश्व माउलींच्या पालखीला आळंदीला चालत जातात, घोड्याच्या पायाची किंमत आपल्या भागाला वेगळी सांगायला नको.

मलमाला पाचपैकी साडेतीन, गामजी आणि चिकटपट्टीला पाच. चिकटपट्टी एकदाच वापरायची त्यामुळं खर्च वाढतो, पण स्प्रेचे पैसे वाचवून तिकडं घाला. बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूच्या सर्जिकल दुकानांत हे सगळं विचारून बघा, जनावरांच्या मेडिकलातच मिळतं असं नाही.

जखम सांध्याजवळ असेल, तेलकट पिवळसर चिकट पाणी येत असेल किंवा घोडा पाय टेकतच नसेल तर यातलं काहीच आणायला जाऊ नका, आधी 1962 ला फोन करून फिरता पशुदवाखाना बोलवा, तोपर्यंत स्वच्छ फडक्यानं झाकून ठेवा आणि घोड्याला चालवू नका.