दादरची ‘मेटाबॉलिझम टेस्ट’: माझे २६,५०० गेले, तुमचे वाचवा

फुकट बॉडी चेकअपचे तंबू सगळ्यांनी पाहिलेत. काट्यावर उभं करायचं, ‘शरीराचं वय ५८’ म्हणून घाबरवायचं, मग पावडरचे डबे गळ्यात मारायचे. मी त्यांना हसायचे. पण दादर पश्चिमेची ही जागा चक्क एसीवाली, मुलगी पांढऱ्या कोटातली, भिंतीवर सर्टिफिकिटं. ‘मॅडम, नेटवरचं गणित सगळ्यांना सारखंच. आमचं मशीन तुमच्या पेशी मोजतं.’ टेस्टचे २,५००.

आता जे आठवून आजही चीड येते ते सांगते. तिने माझं वय ४३ ऐवजी ३४ टाकलं. पडद्यावर आलं १,३७६, म्हणजे नुसतं पडून राहायला शरीराला दिवसाला इतक्या कॅलरी लागतात. मी खाली उतरून चप्पल घालत होते, म्हटलं, अगं, वय चुकलंय. तिने तिथल्या तिथे दोन बटणं दाबली आणि आकडा झाला १,३३१. मशीनवर मी नव्हतेच! मग कुठल्या पेशी मोजल्या?

मिफ्लिन-सेंट जिओर हे याच कॅलरी काढायचं १९९० चं सूत्र आहे. वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, बायकांसाठी आणखी वजा १६१. माझं वजन ७२, उंची १५८. करून बघा, तोच आकडा येतो. नऊ वर्षांचा फरक, म्हणून बरोबर ४५ उतरले. नवरा म्हणतो, तू तर अकाउंट्समध्ये आहेस. हो, पण संध्याकाळी सातला ऑफिसातून सुटलेली बाई पांढऱ्या कोटावर विश्वास ठेवणारच.

तुम्हीही वय मुद्दाम चुकीचं सांगा. दुरुस्त केल्यावर आकडा नुसता वर्षामागे पाचने सरकला, तर उठून चालू लागा.

पुढे ‘मेटाबॉलिझम बंद पडलंय’ म्हणून रोज ९०० कॅलरी, दोन शेक आणि वाटीभर भाजी. तीन महिन्यांचे २४,०००. अहो, नुसतं पडून राहायलाच १,३३१ लागतात! लोकलमधलं उभं राहणं, जिने, घरकाम धरून डॉक्टरांनी ते १.३७५ ने गुणले, १,८३० झाले. त्यातून चार-पाचशे कमी करा, दोन-तीन आठवडे वजन बघा, मग आकडा बदला, म्हणाले. त्यात पोळी-भाजी, वरण-भात सगळं बसतं. पण हे कळलं घाटकोपरच्या पुलावर अंधारी आल्यानंतर. आणि खरंच मोजायचं तर उपाशीपोटी झोपवून, डोक्यावर हूड लावून श्वासातला ऑक्सिजन मोजतात.

पैसे मागायला गेले तर शटर खाली. चौकीत ऐकवलं, ‘ताई, तुम्ही स्वखुशीने दिलेत, हा व्यवहार झाला. ऑनलाइन पाठवलेत ना, सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, समोर बसून दिलेत, चौकीत जा. तिसऱ्या कचेरीत साहेबांनी डबा उलटासुलटा करून विचारलं, ‘भेसळ आहे का यात?’ साहेब, भेसळ आकड्यात आहे! तर म्हणे, आकडे आमच्याकडे येत नाहीत. मग येतात कुणाकडे? लेखी द्या म्हटलं तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. चार वाजता!

जीएसटीचं बिल हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका. माझ्याकडे नुसता यूपीआयचा स्क्रीनशॉट. ग्राहक हेल्पलाइन १९१५, तक्रार क्रमांक मागून घ्या. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला ग्राहक आयोगात फी नाही, हे कुठल्याच टेबलावर कुणी सांगितलं नाही. माझा अर्ज तयार आहे, न फोडलेले डबे पुरावा म्हणून ठेवलेत. तिथे आणखी कुणी पैसे भरले असतील तर लाजू नका, कळवा. सगळे मिळूनच दाखल करू.