डिलिव्हरीवाल्या पोरांसाठी युनियनचा रविवारचा वर्ग, नक्की जा

पुण्यात एका जुन्या कामगार युनियनच्या ऑफिसात डिलिव्हरी आणि कॅबवाल्या पोरांसाठी रविवारी सकाळी फुकट वर्ग चालतो, मी जातोय आणि मनापासून सांगतो, लय कामाचा आहे. माझा आयडी काही न विचारता ब्लॉक झाला तेव्हा तिथल्या एका ताईंनी शेजारी बसून पेआउटचे स्क्रीनशॉट तारखेप्रमाणे लावून घेतले, सपोर्टवाल्यांशी झालेलं चॅट प्रिंट करायला लावलं आणि तक्रार माझ्याकडूनच लिहून घेतली, हे फार आवडलं कारण आता मी दुसऱ्या पोरांना लिहायला मदत करतो. इतिहासपण भारी सांगतात, नारायण मेघाजी लोखंडेंनी गिरणी कामगारांना एकत्र करून 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली ते ऐकताना अंगावर काटा येतो. आणि 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात 15 वर्षांवरच्या पोरालाही मेंबर होता यायचं, 18 ला पदाधिकारी, कुणाला माहितीये हे?

पण कमिटीत पंचविशीतला एकपण नाही. आम्हाला नुसते झेंडे धरायला आणि व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळायला ठेवू नका राव, वर्गणीचा हिशोब द्या, मालकांशी बोलणी करताना सोबत न्या, त्याशिवाय पोरं टिकणार नाहीत. भाषणं पण आवरा, बाराला लंचच्या ऑर्डरी सुरू होतात आणि निम्मी पोरं उठून जातात.

पाचपैकी चार स्टार. येताना पेआउटचे स्क्रीनशॉट आणा, गाडी मागच्या गल्लीत लागते.