ब्रसेल्स-फ्लॉरेन्स सहल: व्यवस्था झकास, पण पुस्तिकेतला राजा चुकलाय

राजारामपुरीतल्या या टूरवाल्यांबरोबर आम्ही घरचे चौघं जाऊन आलो. मी, सौ., मुलगा आणि सूनबाई. व्हिसाचे कागद, हॉटेलं, बस, सगळं चोख. गटात कोल्हापूर-सांगली-मिरजेचीच माणसं, त्यामुळे भडंगाची पिशवी बसमध्ये फिरायची. कांदा-लसूण चटणीची बरणी हातातल्या बॅगेत ठेवू नका, हे आधीच बजावलं होतं. न ऐकणाऱ्यांची विमानतळावर गेली.

ही सहल निवडली ती फ्लॉरेन्ससाठी. बाकीचे लोक तिथं पुतळे आणि पूल दाखवून अर्ध्या दिवसात गाशा गुंडाळतात. हे लोक कॅशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर घेऊन जातात. आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोप बघून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. त्या काळी इटलीत प्रेत जाळायची रीत नव्हती. तरी खास परवानगी मिळाली आणि या संगमावर हिंदू पद्धतीनं दहन झालं. १८७४ मध्ये तिथं छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. छत्रीची आखणी मेजर मांटची, म्हणजे ज्यानं आपला न्यू पॅलेस रचला त्याचीच. बाग तीन किलोमीटरहून लांब आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी गाडी कुठपर्यंत जाते ते आधी विचारून घ्यावं. टूर मॅनेजरनं इथं अजिबात घाई केली नाही. पुस्तिकेतलं हे पानही नेटकं लिहिलंय.

माझी तक्रार ब्रसेल्सच्या पानाबद्दल आहे.

बेल्जियमचा पहिला राजा लिओपोल्ड. पुस्तिका म्हणते, ‘राजाने अखेरीस कॅथलिक धर्म स्वीकारला व कॅथलिक चर्चमध्ये चिरविश्रांती घेतली.’ हे वाक्य वाचून मी बसमध्येच उठून उभा राहिलो. आमचं घराणं प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट, कोल्हापुरात मिशन आलं तेव्हापासूनचं, आणि मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालोय. सूनबाई वसईची, कॅथलिक. ती म्हणाली, “पप्पा, बसा आधी, मग सांगा.”

तर ऐका. लिओपोल्ड जर्मन घराण्यातला, जन्मानं ल्युथरन, म्हणजे तोही प्रोटेस्टंट. २१ जुलै १८३१ ला त्यानं ब्रसेल्सला शपथ घेतली आणि जवळपास सगळ्या कॅथलिक देशाचा राजा झाला. पुढच्या वर्षी फ्रान्सची राजकन्या लुईज केली, ती कॅथलिक. मुलंही कॅथलिक वाढवली, कारण गादी टिकवायची तर दुसरा मार्ग नव्हता. स्वतः मात्र तो शहरातल्या जुन्या राजवाड्याजवळच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये उपासनेला जायचा. ते चर्च आजही आहे. आमची बस त्याच भागातून चॉकलेटच्या दुकानांकडे गेली, पण कुणी बोट दाखवून सांगितलं नाही.

डिसेंबर १८६५ मध्ये तो ब्रसेल्सच्या लाकेन भागातल्या राजवाड्यात शेवटच्या दुखण्यानं पडला. चरित्रकार सांगतात, थोरली सून मारी-हेन्रिएट, ऑस्ट्रियाची, कट्टर कॅथलिक, त्याच्या बिछान्यापाशी आली. लुईज राणी १८५० मध्येच वारली होती. सुनेनं तिची आठवण देऊन विनवलं, आता तरी तिचा धर्म घ्या. राजानं मायबोलीत एका शब्दात उत्तर दिलं, “नाइन.” नाही. शेवटी तो ‘शार्लट’ असं पुटपुटला म्हणतात. ती बाळंतपणात गेलेली पहिली इंग्रज बायको की मेक्सिकोची सम्राज्ञी होऊन लांब गेलेली मुलगी, यावर लोक अजून वाद घालतात. १० डिसेंबरला तो गेला. १६ तारखेला, म्हणजे जिवंत असता तर ज्या दिवशी पंचाहत्तर पुरी झाली असती त्या दिवशी, त्याला पोचवलं.

आणि पुस्तिका लिहिणाऱ्याची गफलत नेमकी इथं झालीय. राजा कॅथलिक चर्चमध्ये ठेवलाय, म्हणजे कॅथलिक झाला असणार, असा त्यानं हिशोब केला. खरी हकिकत अशी की प्रोटेस्टंट विधीला कॅथलिक चर्चमध्ये जागा नव्हती, म्हणून लाकेनच्या चर्चशेजारी तात्पुरतं प्रार्थनास्थळ उभारलं, तिथं प्रोटेस्टंट उपासना झाली आणि मग शवपेटी चर्चच्या तळघरात लुईजशेजारी गेली. तो कॅथलिक झाला असता, तर वेगळा मांडव कशाला घालावा लागला असता?

तळघरात उतरल्यावर सूनबाई बराच वेळ त्या पेट्यांकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “पप्पा, तिनं वाईट मनानं नव्हतं हो विचारलं. सासूशी गाठ पडावी असं वाटलं असेल तिला.” मी म्हटलं, बरोबर आहे बाळ, तिनं विचारलं ते प्रेमापोटीच. पण ‘नाही’ म्हटल्यावर तिच्यावर कोण रागावलं, असंही कुठं वाचलेलं नाही मी. सौ. म्हणाली, आता तुमचं चर्चासत्र पुरे, बस निघाली.

टूर मॅनेजर पोरगा गुणी आहे. मी दाखवल्यावर वाद घातला नाही, पान उघडून वाचलं आणि “सर, ऑफिसला कळवतो” म्हणाला. परत आल्यावर मी स्वतः ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी चहा दिला आणि सांगितलं, पुस्तिका पुढच्या वर्षापर्यंतच्या छापून ठेवल्यात. मग एक चिठ्ठी तरी चिकटवा की! महाराजांबद्दल कुणी लिहिलं असतं की इटलीत गेले म्हणून अखेरीस ख्रिस्ती झाले, तर अख्ख्या कोल्हापुरानं तुमचं ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. लिओपोल्डच्या बाजूनं भांडायला राजारामपुरीत फक्त मी आहे, म्हणून चाललंय.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. लाकेनचं तळघर रोज उघडं नसतं. आमच्या वेळी यांनी तारीख बघून कार्यक्रम बसवला होता, तुमच्या वेळी बसवलाय का ते बुकिंग करतानाच विचारा.

पाचपैकी चार तारे. व्यवस्थेला पूर्ण गुण, एक तारा त्या पानासाठी कापला. दुरुस्त मजकूर मी फुलस्केपवर लिहून त्या बाईंकडे दिलाय. चिकटवला की पाचवा तारा देतो.